बकरीच्या कातड्याचं स्पोरन: नागपुरात, घरच्या हत्यारांनी

दसऱ्याच्या आधी एक निवृत्त हवालदार काका कामठीहून माझ्या दुकानात आले आणि काउंटरवर एक काळी केसाळ पिशवी ठेवली. फौजेच्या पाइप बँडमध्ये त्यांनी हयात घालवली, आता एका शाळेतल्या मुलामुलींना बॅगपाइप शिकवतात. पिशवी रेक्झिनची होती. वर नायलॉनचे केस, खाली तीन गोंडे. झाकण उचलायला गेले तर उचललंच जाईना, ते नुसतं चिकटवलेलं होतं.

"पोरी, याच्यात रुमाल ठेवता येत नाही, रीड ठेवता येत नाही. मंग हे बांधायचं कायले? मले एक खरं करून दे. सव्वीस जानेवारीले पाहिजे." रीड म्हणजे बॅगपाइपमधली आवाज काढणारी बारीक पट्टी.

मी बॅगा आणि पट्टे करते. बाबा चपला करायचे आणि लग्नाच्या बँडवाल्यांचे ढोलाचे पट्टे दुरुस्त करून द्यायचे, त्यामुळे बँडची माणसं आमच्या घराला नवी नाहीत. पण स्पोरन, म्हणजे स्कॉटिश किल्टवर कमरेला बांधायची ही पिशवी, मी कधी केलं नव्हतं. काकांचं झालं, मग त्यांच्या मुलांसाठी आणखी चार झाली. त्या पाचांतून जे समजलं ते इथे लिहिते आहे. चामड्याचं थोडं काम येत असेल तर हे तुम्हालाही जमेल. केसाळ कातडं घरी कमावण्याचा भाग सोडला, तर हत्यारं मोच्याच्या पेटीतलीच लागतात.

ही पिशवी मुळात कसली

किल्ट म्हणजे स्कॉटलंडच्या पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा, घागऱ्यासारखा चुण्यांचा पोशाख. तिला खिसा नसतो. म्हणून कमरेला पुढच्या बाजूने लटकवायची ही थैली. स्कॉटलंडच्या गेलिक भाषेत 'स्पोरन' म्हणजे पैशाची पिशवी, दुसरं काही नाही. जुनी स्पोरनं हरणाच्या किंवा वासराच्या कातड्याची असत आणि तोंड वादीने आवळलेलं असे. आपल्या आजीच्या बटव्याची हीच तऱ्हा. नंतर वर धातूची कमान आली, झाकण आलं, केस आले. १७४६ मध्ये ब्रिटिश संसदेने हायलँडच्या, म्हणजे उत्तरेकडच्या डोंगराळ भागातल्या, पुरुषांना हा पोशाख घालायला बंदी केली आणि ती १७८२ मध्ये उठवली. त्या काळात फौजेतल्या हायलँडच्या पलटणींना मात्र बंदी नव्हती. फौजेने हा पोशाख जपला, फौजेबरोबर पाइप बँड हिंदुस्थानात आले आणि आजही आपल्या लष्करात पाइप वाजतात. कामठीसारख्या छावणीच्या गावातून माझ्याकडे स्पोरन येण्याचा रस्ता असा आहे.

आपल्या नागपुराला स्कॉटलंड म्हटलं की हिस्लॉप कॉलेज आठवतं. स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये इथे आलेले स्कॉटिश मिशनरी. पण ते दक्षिणेकडच्या डन्स गावचे, आणि किल्ट-स्पोरन हे उत्तरेच्या डोंगराळ भागातलं. सगळ्या स्कॉटलंडचा राष्ट्रीय पोशाख म्हणून तो पुढे आला १८२२ नंतर, राजा चौथा जॉर्ज एडिंबराला आला आणि वॉल्टर स्कॉटने त्याच्या स्वागताचा थाट उभा केला तेव्हापासून.

ढोबळमानाने तीन तऱ्हा आहेत. रोजचं स्पोरन साध्या चामड्याचं. समारंभाचं पूर्ण केसाळ, वर चांदीची किंवा पितळेची कमान, जिला तिकडे कँटल म्हणतात. मधलं असतं ते पुढचा भाग केसाळ आणि झाकण चामड्याचं. पलटणींची घोड्याच्या लांब केसांची स्पोरनं वेगळी, ती गुडघ्यापर्यंत झुलतात. मी मधली तऱ्हा निवडली, आणि कारण आपल्या बकरीत आहे. तिकडे या मधल्या तऱ्हेला सील या समुद्री प्राण्याचं कातडं वापरायची जुनी रीत. सीलचे केस आखूड, चकचकीत, अंगाला चापून बसलेले. आपल्या विदर्भातल्या बेरारी शेळीचे केसही आखूड आणि चापून बसलेले, रंग तांबूस, पाठीवर गडद पट्टा. तो पट्टा बरोबर मधोमध धरून पुढचा भाग कापला की झाकणाखालून गोंड्यांपर्यंत एक सरळ रेघ उतरते. मी तर म्हणते, सीलपेक्षा हे देखणं.

कोणतं कातडं चालतं, कोणतं नाही

हे आधी वाचा, कारण यात कायदा आहे. तिकडच्या जुन्या स्पोरनांत पाणमांजर, बॅजर, हरीण असं सगळं दिसतं, काहींवर तर अख्खं मुंडकं असतं. आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. चितळाचं, सांबराचं, रानमांजराचं कातडं घरात जुनं पडलेलं असलं तरी त्याला हात लावू नका. पेंच-ताडोबाकडच्या गावातून 'आजोबांच्या वेळचं आहे' म्हणत माणसं येतात. मी पिशवी उघडूसुद्धा देत नाही. महाराष्ट्रात गाईच्या आणि २०१५ पासून बैलाच्याही कत्तलीला बंदी आहे. म्हणून मी दोनच जनावरांवर काम करते: म्हशीचं कमावलेलं चामडं पाठीला, झाकणाला, पट्ट्याला, आणि खाण्यासाठी कापलेल्या बकरीचं कातडं पुढच्या बाजूला. खाटकाकडे ते तसंही उरलेलं असतं.

केसांसकट कमावणं

इथे घाई चालत नाही. माझं पहिलं कातडं घाईत गेलं. ऑक्टोबरची दुपार, ऊन तापलेलं. खाटकाकडून कातडं घेतलं, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून स्कूटरला अडकवलं आणि पट्ट्याची बकलं बघायला सीताबर्डीला गेले. तीन तास गेले. घरी येऊन मीठ लावलं, सगळं केलं, पण चौथ्या दिवशी केस मुठीमुठीने हातात यायला लागले. कातडं गरम, ओलं आणि कोंडलेलं राहिलं की केसांची मुळं सडतात, मग कितीही तुरटी घाला, उपयोग नाही. त्या जनावराचं कातडं माझ्या हातून वाया गेलं, याचं मला फार वाईट वाटलं. आता मी खाटकाकडेच गोणपाट अंथरून मीठ चोळते आणि मगच उचलते.

निरोगी जनावराचंच कातडं घ्या आणि हातमोजे घाला. बोटाला कापलेलं असेल तर बरं होईपर्यंत थांबा. कातड्याच्या निम्म्या वजनाइतकं जाडं मीठ मांसाच्या बाजूला चोळा, कडा आणि मानेचा भाग विसरू नका. दुसऱ्या दिवशी ओलं झालेलं मीठ झटकून नवं लावा. आणखी एक दिवस जाऊ द्या. मग गार पाण्यात दोन-तीन तास भिजवून मऊ करा, रिठ्याच्या पाण्याने केस धुवा, आणि गोल ओंडक्यावर पसरून बोथट सुरीने मांसाकडची पातळ साल खरवडून काढा. ही साल राहिली तर तुरटी आत शिरत नाही. बाबा या कामाला अख्खी सकाळ घ्यायचे, आणि मीही घेते.

आता तुरटी. साडेचारशे ग्रॅम तुरटीची पूड चार लिटर कोमट पाण्यात विरघळवा. दुसऱ्या भांड्यात दोन लिटर पाण्यात सव्वादोनशे ग्रॅम मीठ आणि ११५ ग्रॅम धुण्याचा सोडा. हे दुसरं पाणी पहिल्यात अगदी बारीक धारेने ओतायचं, दुसऱ्या हाताने ढवळत. जोरात फेस येतो, म्हणून टब मोठा घ्या, आणि लोखंडाचा किंवा ॲल्युमिनियमचा नको, प्लॅस्टिकचा घ्या. पाणी पूर्ण गार झालं की कातडं बुडवा. चार दिवस ठेवा, सकाळ-संध्याकाळ लाकडी दांड्याने हलवा. चौथ्या दिवशी मानेकडच्या जाड कडेचा बारीक तुकडा कापून बघा. कापलेली बाजू आरपार सारखी पांढरी दिसली तर झालं. मध्ये कच्च्या रंगाची रेघ असेल तर आणखी एक दिवस. उरलेलं पाणी विहिरीजवळ किंवा झाडाला ओतू नका, मिठाने माती मरते.

स्वच्छ पाण्यात खळबळून सावलीत वाळत घाला. अर्धं सुकलं की खरं काम सुरू होतं. जुन्या लाकडी पाटाच्या कडेवर मांसाची बाजू ठेवून दोन्ही हातांनी पुढे-मागे ओढायचं. जिथे ओढाल तिथे करडं कातडं पांढरं आणि मऊ होत जातं. सुकून कडक झालं तर ओलं फडकं फिरवून पुन्हा ओढा. बाबा म्हणायचे, "घाईनं वाळवलं का त्याचं लाकूड होते." शेवटी दोन अंड्यांचे बलक कोमट पाण्यात फेटून मांसाकडून चोळते आणि रात्रभर घडी करून ठेवते. बलकाची चरबी धाग्याधाग्यात जाते. युरोपातही तुरटीच्या चामड्याला बलक लावायची जुनी पद्धत आहे.

ऋतू सांभाळा. नागपुरात हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करावं. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत कातडं बाहेरून करपतं आणि आतून ओलं राहतं, पावसाळ्यात बुरशी धरते. आणि एक गोष्ट गिऱ्हाइकाला आधीच सांगून ठेवा: तुरटीचं कमावणं पाण्यात भिजलं तर धुऊन जातं. हे स्पोरन पावसात न्यायचं नाही.

हे सगळं नको असेल तर केसांसकट कमावलेलं बकरीचं कातडं विकतही मिळतं. घेताना केसांची चिमूट धरून ओढून पाहा.

कापणं

पुठ्ठ्याचा नमुना करा. रुंदी १८ सेंटिमीटर, उंची २०, खालची बाजू पूर्ण अर्धगोल. पाठीला म्हशीचं अडीच मिलिमीटर जाडीचं चामडं, झाकणाला दोन. मधली पट्टी, जिला आम्ही गसेट म्हणतो, ती बकरीच्या पातळ चामड्याची, एक मिलिमीटर जाड, साडेतीन सेंटिमीटर रुंद, दोन्ही कडांच्या शिलाईपट्ट्यांसाठी दोन्हीकडे आणखी सहा-सहा मिलिमीटर. तिची लांबी लोक अंदाजाने घेतात आणि शेवटी एक टोक कमी पडतं. दोरी नमुन्याच्या कडेने फिरवून मोजा. या मापाला पन्नास सेंटिमीटरच्या आसपास येतं. दोन्ही टोकं दुमडायला मिळून चार धरा.

केसाळ कातडं कधीच कात्रीने कापू नका. केसांची बाजू खाली ठेवा, मांसाकडून खुणा करा आणि रापीच्या, म्हणजे मोच्याच्या चामडं कापायच्या हत्याराच्या, टोकाने फक्त कातडंच चिरा. मग हाताने अलगद उकला. केस पूर्ण लांबीचे राहतात. कात्रीने कापलं तर कडेचे केस न्हाव्याने कापल्यासारखे सपाट दिसतात, आणि ते पुन्हा वाढणार नाहीत. केसांचा ओघ खालीच हवा. हात वरून खाली फिरवला तर गुळगुळीत लागलं पाहिजे. पाठीचा पट्टा मधोमध येतो ना, हे कातडं उजेडाकडे धरून तपासा, कारण मांसाकडून तो दिसत नाही. मी दोन टाचण्या केसांकडून टोचून रेघ धरते.

पुढचा केसाळ तुकडा एकटा लोळतो, म्हणून त्याच्यामागे सव्वा मिलिमीटरचं चामडं लावते. शिलाईच्या सहा मिलिमीटर पट्टीतले केस बारीक कात्रीने मुळाशी कापून घ्या, नाहीतर चिकटवायचं सोल्यूशन धरत नाही आणि टाके वर तरंगतात. जाड चामड्याच्या कडा रापीने आतून सोलून निम्म्या करा. नवशिक्याने हे आधी रद्दी तुकड्यावर करावं. रापी पुढे ढकलायची असते, मनगट खाली, आणि दुसरा हात कायम तिच्या मागे.

झाकणाला काळा रंग मी हिराकशीचा (फेरस सल्फेटचा) देते. हिरड्या-बाभळीने कमावलेल्या चामड्यावर हिराकशीचं पाणी लागलं की ते डोळ्यांदेखत काळं होतं. हा रंग वर बसत नाही, आत उतरतो. पाव लिटर पाण्यात पाच ग्रॅम पुरे. जास्त झाली तर चामडं काही वर्षांत ठिसूळ होतं. नंतर ओल्या फडक्याने दोनदा पुसा, सुकल्यावर एरंडेलाचा हात. क्रोमवर, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी, कमावलेल्या चामड्यावर हे होत नाही. आणि पांढरं ओलं फडकं घासून डाग येत नाही याची खात्री करा. किल्ट लोकरीची असते, महाग असते, आणि पिशवी दिवसभर तिच्यावर घासते.

शिवणं

सगळ्यात आधी पाठीवरचं काम संपवा, कारण एकदा पिशवी मिटली की आत हात जात नाही. पाठीवर, वरच्या कडेपासून तीन सेंटिमीटर खाली, दोन चामडी पट्ट्या शिवून त्यांत डी रिंगा अडकवा. इथे नुसत्या रिवेटवर भरवसा ठेवू नका. पाइपवाला चालताना सगळं वजन याच दोन जागांवर झुलतं. आतून पाठीला एक छोटा खिसा लावा, आठ बाय पाच सेंटिमीटरचा. तो काकांच्या रीडच्या डबीसाठी होता, पण आता मी सगळ्यांनाच लावते.

मग गसेट पुढच्या भागाला, नंतर पाठीला. कडेपासून चार मिलिमीटर आत कर्कटकाने रेघ मारा, चार-चार मिलिमीटरवर आरीने भोकं पाडा. एका बाजूला सव्वाशे टाके येतात. दोरा शिलाईच्या चौपट आणि वर वीतभर, मधमाशीच्या मेणातून तीनदा ओढलेला. दोन्ही टोकांना सुया, एकाच भोकातून दोन्ही सुया समोरासमोर. मशीनचा टाका एका जागी तुटला की उसवत जातो, हा जात नाही, कारण प्रत्येक भोकात दोन दोरे स्वतंत्र धरलेले असतात. गोलाईवर गसेटला सुरकुत्या पडतात. तिथे आधीच गसेटच्या मधल्या बिंदूपासून दोन्हीकडे चिमटे लावून घ्या, म्हणजे सुरकुती वाटली जाते. शिवून झालं की टाक्यांत अडकलेले केस सुईच्या मागच्या टोकाने एकेक बाहेर काढा. अर्धा तास जातो, पण इथेच हातकाम कळतं. केसांखाली शिलाई पूर्ण लपली पाहिजे.

झाकण मागून वर येऊन पुढे सात सेंटिमीटर उतरतं. बंद करायला आत टिचबटण. झाकणावर मी पंचाने साध्या ठिपक्यांची नक्षी करते, तिकडच्या गाठींच्या नक्षीची नक्कल करायला जात नाही. पितळेची पट्टी हवी असेल तर आपलं भाग्य चांगलं, भंडारा तासा-दीड तासावर आहे. एक मिलिमीटरच्या पत्र्याची कमान तिथल्या कारागिराने मला कागदावरच्या रेघेवरून कापून, घासून दिली. पितळ तुरटीच्या कातड्याला थेट टेकू देऊ नका, हिरवा गंज चढतो. मध्ये चामड्याचा तुकडा हवाच.

गोंडे आणि पट्टा

तीन गोंडे. प्रत्येकाला दहा बाय सहा सेंटिमीटरचा मऊ बकरीचा तुकडा घ्या, वर दीड सेंटिमीटर सोडून खाली तीन-तीन मिलिमीटरच्या झालरी कापा. वरच्या पट्टीला सोल्यूशन लावून वादीच्या टोकाभोवती घट्ट गुंडाळा आणि मेणाच्या दोऱ्याने बांधा. मधला गोंडा इतर दोघांपेक्षा बोटभर खाली ठेवला तर चालताना ते एकमेकांत गुंतत नाहीत.

कमरपट्टा दोन सेंटिमीटर रुंद, मागे बक्कल. पुढे दोन्ही बाजूंना वीतभर साखळी, ती डी रिंगांना जाते. माप कमरेचं नाही, नितंबावरून घ्यायचं, कारण पट्टा तिथेच बसतो. भोकं पाच पाडा, अडीच सेंटिमीटरवर. वाढत्या वयाच्या मुलांना सात.

बांधताना स्पोरनची वरची कड कमरेच्या बकलाखाली चार बोटं यावी. काकांनी माझ्या दुकानातच पँटवर बांधून पाहिलं, दोन घरं सैल केलं, जागच्या जागी पावलं टाकली आणि गोंडे कुठे आपटतात ते खाली बघत राहिले. मग झाकण उघडलं, खिशातली पत्र्याची डबी काढून आत ठेवली, टिचबटण लावलं.

"जमलं पोरी. पण मधला गोंडा अजून जरासा खाली घे."

घेतला. त्याच्या वादीची गाठ थोडी सैल करावी लागली, एवढंच. म्हणून आता मी गोंड्यांच्या वाद्या आतून चिकटवत नाही, गाठीवरच ठेवते. वर्ष-दोन वर्षांनी झालरी झिजल्या तर गोंडा बदलता येतो, पिशवी उकलावी लागत नाही. पावसाळाभर स्पोरन कापडी पिशवीत, कपाटात टांगून ठेवा, सोबत सुकलेला कडुलिंबाचा पाला. प्लॅस्टिकमध्ये कधीच नाही.